ताज महाल (आग्र्याचा नव्हे, हार्लेमचा): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन महिन्यांनी आम्ही दहाबारा जण कुणाच्या तरी घरी जमतो आणि दिवसभर एकाच कलाकाराला ऐकतो. अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक ताज महालची पाळी आली त्या रविवारी पहिल्या चहापासून चपला घालेपर्यंत प्रश्न थांबले नाहीत. त्यानंतरही फोनवर, गाडीत, लग्नाच्या पंगतीत तेच प्रश्न येत राहिले. म्हणून एकदा उतरवून काढले. क्रम लावलेला नाही, जसे आठवले तसे आहेत.

हे त्याचं खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स ज्युनियर. जन्म १७ मे १९४२, न्यूयॉर्कमधलं हार्लेम. वाढला मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात. बापाचं कूळ कॅरिबियन बेटांवरचं. हा बाप जॅझ पियानो वाजवायचा आणि वाद्यमेळासाठी संगीतरचना लिहायचा. आई दक्षिण कॅरोलिनाची, चर्चमध्ये गॉस्पेल गाणारी.

‘ताज महाल’ हे नाव त्याने साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर, विशीच्या आसपास घेतलं. तो सांगतो की गांधीजी, भारत आणि माणसांनी एकमेकांना सामावून घेणं यांबद्दल त्याला स्वप्नं पडायची, त्यांतून हे नाव आलं. ऐकायला गंमत वाटते, पण काळ आठवून पाहा. १९५५-५६ मध्ये माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला होता, १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात येऊन गेले होते. अमेरिकेतल्या काळ्या तरुणाच्या स्वप्नात तेव्हा गांधीजी येणं यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की त्याने नाव गांधीजींचं न घेता इमारतीचं घेतलं.

शोधायला गेलं की आग्र्याची हॉटेलं येतात. काय करू?

नावाने शोधू नका, तबकडीच्या नावाने शोधा. ‘द नॅचल ब्लूज’ किंवा ‘कुलांजन’ टाका, लगेच सापडतो.

ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ‘तो’ काय म्हणता?

हा प्रश्न आमच्यातल्या एका काकूंचा. काकू, तुम्हीच ‘भीमसेन काय गायला होता त्या दिवशी’ म्हणता की नाही? तसंच हे.

ब्लूज म्हणजे रडगाणं ना?

अर्धं खरं. शब्दात उदासी आहेच, पण जात्यावरच्या ओवीत जसं माहेरचं दुःखही येतं आणि सासूची टिंगलही येते, तसंच ब्लूजमध्ये असतं. घरभाडं थकलंय, बायको निघून गेलीय, मासे गळाला लागत नाहीत, आणि तरी पाय ठेका धरतायत. ढोबळ साचा बारा मात्रागटांचा: पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणताना सूर तेच ठेवले तरी खालची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलते, त्यामुळे त्याच शब्दांवर वेगळा उजेड पडतो.

फोक-ब्लूज हा या झाडाचा गावाकडचा फाटा. शिकागोत जाऊन ब्लूजला विजेची गिटार लागण्याआधीचा. एक माणूस, एक गिटार, फार तर एक माउथ ऑर्गन. साठच्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलांना या जुन्या गाण्यांचं वेड लागलं, म्हातारे वादक शोधून काढून त्यांना मंचावर बसवलं गेलं. ताज याच लाटेत आला. फरक असा, की बहुतेक पोरांना हे संगीत तबकडीवर सापडलं होतं, त्याला थोडंफार गल्लीतच मिळालं. दक्षिणेतून उत्तरेकडे कामासाठी आलेली कुटुंबं शेजारी राहत होती. उत्तर कॅरोलिनाहून आलेल्या शेजारच्या एका मुलाकडून तो गिटार शिकला. गिटार सावत्र वडिलांची.

तो शेतकरी होणार होता हे खरं का?

खरं, आणि माझ्या मते त्याला समजून घ्यायची किल्ली इथेच आहे.

तो अकरा वर्षांचा असताना बाप ट्रॅक्टर उलटून गेला. असं सोसलेलं पोर ट्रॅक्टरच्या जवळ जाणार नाही असं वाटेल. हा सोळाव्या वर्षी पामर गावाजवळच्या दुधाच्या गोठ्यावर कामाला लागला. एकोणिसाव्या वर्षी तिथला मुकादम झाला. पहाटे चारला उठायचं, दिवसाला पस्तीस ते सत्तर गायींची धार काढायची, मका आणि लसूणघास पिकवायचा. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ॲमहर्स्टला पशुसंवर्धन शिकला, जोडीला कृषिविद्या. गाणं की शेती, हा त्याच्यापुढचा खराखुरा पेच होता. घरून पळून मुंबई गाठणाऱ्या नटासारखी ही गोष्ट नाही.

शेतीच्या माणसाला फेरपालट कळते. त्याच रानात दरसाल तेच पीक घेतलं की जमीन थकते. ताज महालची तबकड्यांची यादी वाचताना मला ते सतत दिसतं: ब्लूज घेतला, मग कॅरिबियन घेतलं, मग हवाईचं, मग मालीचं, आणि दर फेरीनंतर पुन्हा ब्लूजला आला तेव्हा रान ताजं होतं. साठच्या त्या लाटेतले त्याचे कितीतरी सोबती आज फक्त जुन्या तबकड्यांत उरलेत. हा २०२५ मध्येसुद्धा नवी तबकडी काढत होता.

पहिला बँड कुठला?

कॉलेजात ‘इलेक्ट्राज’ नावाचा एक होता. मोजायचा तो पुढचा. साठच्या दशकाच्या मध्यावर तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे ‘रायझिंग सन्स’ जमला. त्यात राय कूडर हा गिटारवाला होता, तेव्हा वय सतराअठरा. काळे-गोरे एकत्र असलेला बँड हे त्या काळात सहज घडणारं नव्हतं. कोलंबिया कंपनीने करार केला, १९६६ मध्ये एकुलती एक छोटी तबकडी काढली आणि बाकीचं ध्वनिमुद्रण कपाटात ठेवून दिलं. ते बाहेर यायला १९९२ साल उजाडलं! सव्वीस वर्षं. ऐकलंत तर कळेल की बँडला आपण कोण हे ठरवता आलेलं नाही, एक गाणं बीटल्सकडे ओढतंय, दुसरं मिसिसिपीच्या जुन्या ब्लूजकडे. पण गिटारी काय सुरेख आहेत.

मग नाव कधी झालं?

१९६८ मध्ये. त्या एका वर्षात दोन तबकड्या आल्या: ‘ताज महाल’ आणि ‘द नॅचल ब्लूज’. पहिलीत ‘स्टेट्सबरो ब्लूज’ आहे. मूळ गाणं ब्लाइंड विली मॅकटेलचं, १९२८ चं, बारा तारांच्या गिटारवर एकट्याने गायलेलं. ताजने त्याला बँडवर चढवलं, आणि जेसी एड डेव्हिस या मूळनिवासी अमेरिकन गिटारवाल्याने त्यावर स्लाइड घातली, म्हणजे तारेवर नळी सरकवून सूर काढले. ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचा गिटारवाला ड्वेन ऑलमन हे ऐकून स्लाइडच्या नादी लागला आणि औषधाची काचेची बाटली बोटात घालून बसला, असं त्याचा भाऊ ग्रेग सांगायचा. ऑलमन ब्रदर्सची १९७१ ची न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातली गाजलेली तबकडी याच गाण्याने उघडते. म्हणजे रॉकवाल्यांनी जे लाखोंना ऐकवलं, त्याचा साचा ताजच्या बँडने पाडलेला होता. मॅकटेल तोवर जाऊन बारा वर्षं झाली होती.

डिसेंबर १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्सने लंडनमध्ये सर्कशीच्या तंबूचा देखावा लावून एक कार्यक्रम चित्रित केला, त्यातही ताज होता. तोही २८ वर्षं डब्यात पडून राहिला. या माणसाच्या नशिबी कपाटं फार.

तो गिटार नेमकी कशी वाजवतो?

१९६९ च्या ‘जायंट स्टेप / डी ओल फोक्स ॲट होम’ या जोडतबकडीतला दुसरा भाग घ्या. पहिल्यात बँड आहे, दुसऱ्यात तो एकटा: गिटार, बँजो, माउथ ऑर्गन, आणि एका ठिकाणी तर नुसत्या टाळ्या. त्यातलं ‘फिशिन ब्लूज’ हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर नको. आमच्या बैठकीत पहिल्यांदा तसंच लावलं आणि अर्धं गाणं हरवलं, कारण त्याचा अंगठाच ऐकू येईना.

सगळं त्या अंगठ्यात आहे. अंगठा खर्जाच्या दोन तारांवर आळीपाळीने पडत राहतो, धुम-धुम, धुम-धुम, तबल्याचा ठेका धरून बसलेल्या माणसासारखा. वर काहीही होवो, तो हलत नाही. वरच्या बारीक तारांवर सुरावट वाजते. बहुतेक गिटारवाले ती तर्जनीने काढतात, ताज प्रामुख्याने मधल्या बोटाने काढतो. मधलं बोट लांब आणि जड, त्यामुळे सूर नाजूक निघण्याऐवजी टणक निघतो, आणि किंचित उशिरा पडल्यासारखा वाटतो. तो उशीर म्हणजेच त्याची चाल. घाईत नसलेला माणूस बांधावरून चालतोय असं काहीतरी.

पत्र्याच्या अंगाची नॅशनल गिटारही तो वापरतो. तिचा आवाज भांड्यांच्या दुकानातून आल्यासारखा, पण त्याच्या घोगऱ्या गळ्याला ती शोभते.

गाणी त्याची स्वतःची की जुनीच?

दोन्ही, आणि सीमारेषा पुसट. ‘फिशिन ब्लूज’ हेन्री थॉमसने १९२८ मध्ये बोरूच्या पावीसोबत मुद्रित केलं होतं. ‘कोरिना’ नावाचं गाणंही विसाच्या दशकापासून गावोगाव फिरत होतं. ताज आणि जेसी एड डेव्हिस यांनी त्याला इतकं संथ आणि मऊ केलं की ते त्यांचंच झालं. आपल्याकडे बंदिश जुनी असते आणि गाणं गायकाचं असतं, तो हिशेब इथेही लावा.

पण तो रचनाकार आहेच. यँक रेचेल या जुन्या मँडोलिनवाल्यासोबत त्याने ‘शी कॉट द केटी’ लिहिलं. केटी म्हणजे बाई नव्हे, मिझुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेचं लाडकं नाव. ती केटी धरून निघून गेली आणि मला मागे खेचर ठेवून गेली, असा सगळा मामला. दुःखाची गोष्ट, पण खेचरामुळे हसू येतं. १९८० च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ सिनेमाने ते घराघरांत पोचवलं. ‘केकवॉक इनटू टाउन’ त्याचंच, १९७२ चं. ‘क्वीन बी’ही त्याचं, आणि ते तर त्याने पुन्हा पुन्हा मुद्रित केलंय. हे गाणं त्याला सोडवत नाही असं दिसतं.

ट्यूबाची काय भानगड आहे?

१९७१ ची ‘द रिअल थिंग’. ड्वेन ऑलमनवाल्यांनी जिथे वाजवलं त्याच फिलमोर ईस्टमध्ये, त्याच वर्षी, ताज चार ट्यूबावादक घेऊन मंचावर आला. वरातीच्या बँडमध्ये ते सगळ्यांत भलंमोठं पितळी वाद्य असतं ना, त्याच कुळातलं. तेही एक नाही, चार. म्होरक्या हॉवर्ड जॉन्सन. काही गाणी लांबतात, एकदोन ठिकाणी बँड वाट चुकतो, आणि मला ती तबकडी तरीही फार आवडते. ऐन रॉकच्या दिवसांत गावाकडच्या ब्लूजला चार ट्यूबा लावायला छाती लागते.

सिनेमात काम केलंय का?

हो. १९७२ च्या ‘साउंडर’मध्ये. संगीतही त्याचं आणि आइक नावाची छोटी भूमिकाही. १९९१ मध्ये ब्रॉडवेवर ‘म्यूल बोन’ या नाटकाला त्याने चाली दिल्या. झोरा नील हर्स्टन आणि लँगस्टन ह्यूज या लेखकांनी ते १९३० च्या सुमारास लिहिलं होतं, पण दोघांच्या भांडणात पडून राहिलं. पुन्हा कपाट!

ऐंशीच्या दशकात कुठे गायब झाला?

हवाई बेटांवर, कवाईला. सत्तरच्या उत्तरार्धातल्या त्याच्या तबकड्यांवर कॅरिबियन रंग जास्त चढला होता, डिस्कोच्या दिवसांत त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांतल्या काही मलाही कंटाळवाण्या वाटतात. १९८१ च्या सुमारास तो कवाईला राहायला गेला. मासेमारी केली, तिथल्या वादकांसोबत ‘हुला ब्लूज’ बँड जमवला. १९८८ मध्ये लहान मुलांसाठी ‘शेक शुगरी’ काढली. घरात पोर असेल तर सुरुवात तिथूनच करा.

भारताशी संबंध फक्त नावापुरताच?

नाही. १९९५ मध्ये ‘मुमताज महाल’ नावाची तबकडी आली. नाव वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या, त्यालाही आलं असावं. त्यात तीन माणसं आहेत: ताज, मोहनवीणेवर विश्वमोहन भट्ट आणि चित्रवीणेवर एन. रविकिरण. म्हणजे जयपूर, कर्नाटक संगीत आणि हार्लेम एका खोलीत.

गंमत अशी, की त्याच कंपनीसाठी भट्टांनी आधी राय कूडरबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केली होती. १९९३ ची ती तबकडी, तिला ग्रॅमी मिळालं. रायझिंग सन्समधली दोन पोरं तीस वर्षांनी, वेगवेगळ्या वाटांनी, एकाच भारतीय वादकापाशी पोचली.

आणि वाटा तितक्या वेगळ्या नव्हत्याच. तारेवर लोखंडी दांडी किंवा बाटली सरकवून वाजवायची तऱ्हा ब्लूजमध्येही आहे आणि हवाईतही. हवाईची गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायची पद्धत आपल्याकडेही आली. ताऊ मो नावाचा हवाईचा वादक चाळीसच्या दशकात कोलकात्यात येऊन राहिला होता. पुढे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवली. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे ‘गिटारवर चित्रपट गीत’ म्हणून जे लागायचं, ते हेच. आजीच्या स्वयंपाकघरात वाजणारा तो ओला, सरकता सूर आठवतोय ना? मोहनवीणा तिचीच शास्त्रीय लेक: गिटारचा सांगाडा, त्यावर चिकारी आणि तरफा (आपोआप घुमणाऱ्या तारा) मिळून वीसएक तारा. चित्रवीणा मात्र दक्षिणेतली, तिचं घराणं निराळं, पण तीही पडद्यांशिवाय, वर ठोकळा सरकवूनच वाजते.

आता ‘कम ऑन इन माय किचन’ लावा. रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूजवाल्याचं गाणं. ताज एक ओळ म्हणतो आणि थांबतो, मग भट्टांची मींड ती ओळ उचलते आणि गंधाराच्या आसपास रेंगाळते. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी डोलतो, पियानोवर तो सापडतच नाही. मींडीला तो आपसूक सापडतो. मिश्र संगीताचे बरेच प्रयोग मला जेवणात दोन भाज्या एकत्र कालवल्यासारखे वाटतात; इथे या एका गाण्यात तसं होत नाही. सगळ्या तबकडीबद्दल मी असं म्हणणार नाही. ‘स्टँड बाय मी’मध्ये दोन्ही वीणा फक्त सजावट करतात.

‘कुलांजन’ म्हणजे काय?

१९९९ ची, मालीच्या तुमानी जाबाते आणि त्याच्या साथीदारांबरोबर केलेली तबकडी. माझ्या हिशेबी त्याची सगळ्यांत मोठी. तुमानी कोरा वाजवायचा (२०२४ मध्ये तो गेला). भोपळ्यावर चामडं ताणलेलं, २१ तारांचं वाद्य. ते दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्यांनीच वाजवतात: खर्ज अंगठ्यांकडे, सुरावट तर्जन्यांकडे. वर गिटारबद्दल सांगितलं ते पुन्हा वाचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या बोटांत काय उरलं असेल यावर पुस्तकं लिहिता येतात, लिहिलीही आहेत. इथे ती बोटं शेजारी बसून वाजवतायत. पहिलंच गाणं ‘क्वीन बी’. आधीचं मुद्रण ऐकून मग हे ऐका. तेच गाणं आहे, पण आता ते घरी आलंय.

ग्रॅमी किती?

स्पर्धेतली पाच: ‘सेन्योर ब्लूज’, ‘शाउटिन इन की’, केब मोबरोबरची ‘ताजमो’, राय कूडरबरोबरची ‘गेट ऑन बोर्ड’ आणि टल्सातल्या मैफलीची तबकडी. शिवाय २०२५ मध्ये जीवनगौरव. ‘ताजमो’ जरा जास्तच गुळगुळीत आहे. ‘गेट ऑन बोर्ड’ मात्र ऐकाच: सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी या जुन्या जोडीची गाणी, दोन म्हाताऱ्यांनी ओसरीवर बसून वाजवल्यासारखी. १९६६ मध्ये ज्यांची एक छोटी तबकडी निघून गुंडाळली गेली, तेच दोघे. आवाज फाटलाय, चुका ठेवून दिल्यात, आणि त्याने काही बिघडत नाही.

इतकं सगळं मिसळलं तर तो ब्लूजवाला राहिला का?

शुद्धतेवाल्यांनी हे त्याला आयुष्यभर विचारलं. आपल्याकडे घराण्यांवरून होतात तसेच वाद तिथेही होतात. २०२३ ची ‘सव्हॉय’ तर चक्क जुनी जॅझ गाणी आहेत. सव्हॉय हा हार्लेममधला नाचघर-दिवाणखाना. आईबाप तिथेच भेटले, असं तो सांगतो. मग त्या गाण्यांना परकं कसं म्हणणार? घरात कॅरिबियन बाप आणि दक्षिणेतली आई असलेल्या पोराने कुठलं संगीत आपलं नाही म्हणायचं, हे मला तरी सांगता येणार नाही.

मुंबईत असलं काही प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

२०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरत आलाय. शिकागोच्या ब्लूजमधला बडी गायसारखा गिटारवाला तिथे एकाहून अधिक वेळा वाजवून गेलाय. फोक-ब्लूजपेक्षा विजेवरचा ब्लूज जास्त, पण जा.

मी गिटार शिकतोय. कुठून सुरू करू?

‘सी’ कॉर्ड धरा. उजव्या हाताचा अंगठा पाचव्या तारेवर, मग चौथ्या, पुन्हा पाचव्या, पुन्हा चौथ्या. बाकी बोटं मुठीत. पाच मिनिटं एवढंच, घड्याळ लावून, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं आपोआप होईपर्यंत. दोनचार दिवस जातील, कंटाळा येईल. मग मधलं बोट दुसऱ्या तारेवर ठेवा आणि अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एकदा छेडा. अंगठा अडखळला तर बोट काढून घ्या, आणि पुन्हा नुसता अंगठा.